कुलूप आणि किल्ली

उल्हासनगरच्या माणसाला पत्ता विचारा. गल्लीच्या आधी तो कॅम्पचा नंबर सांगेल, एक ते पाचपैकी कुठला तरी. छावणी उठून पाऊणशे वर्षं झाली, पण 'कॅम्प' हा शब्द काही उठला नाही.

दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी बराकी बांधल्या होत्या. युद्ध संपलं आणि त्या ओस पडल्या. १९४७ साली फाळणी झाली. पंजाब आणि बंगालचा निदान एक तुकडा तरी इकडे राहिला, सिंध मात्र अख्खा तिकडे गेला. कराचीहून बोटीने, मारवाडातून रेल्वेने हिंदू सिंधी आले. त्यांतल्या सुमारे एक लाख लोकांना या बराकींत आणून बसवलं. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये आडोशाला पडदे! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं.

ग्रीसमध्येही असंच घडलं होतं. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीच्या करारानंतर तुर्कस्तानातल्या मुदानियाच्या लोकांनी ग्रीसच्या किनाऱ्यावर गाव वसवलं, त्याचं नाव नेआ मुदानिया. नेआ म्हणजे नवं. जुनं नाव तरी त्यांच्याबरोबर आलं. आपल्या सिंध्यांना सिंधूच्या बदल्यात उल्हास मिळाली.

आमच्या बीड जिल्ह्यालाही घर सोडणं माहीत आहे. रझाकारांच्या धाकाने १९४७-४८ मध्ये पुष्कळ लोक निजामाची हद्द ओलांडून नगर-सोलापूरकडे गेले. वडील सांगायचे, घराला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, वडील परतले आणि त्याच किल्लीने त्यांनी कुलूप उघडलं. (पोलीस ॲक्शननंतर मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय बेतलं, तेही सांगायला हवं. त्यावर वेगळं लिहीन.)

सिंध्यांच्या किल्ल्यांना कुलूपच उरलं नाही. पण ही माणसं बसून राहिली नाहीत. पापड, लोणची, मिठाई, कापड, पुढे जीन्स. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्या शिक्षक-खोलीतही चालायचा. मला तो कधी फारसा रुचला नाही. पडद्याआड संसार मांडून ज्यांनी पोरं शिकवली, त्यांना असं हसणं बरं नव्हे.

मला चुटपुट लागते ती भाषेची. १९६७ साली सिंधी आठव्या अनुसूचीत आली, पण तिला स्वतःचा प्रांत नाही. नातवंडं हिंदी-इंग्रजीत बोलतात, आजीची लिपी त्यांना वाचता येत नाही.

शाळेत परिपाठाला राष्ट्रगीत व्हायचं. एखादा चौकस पोरगा विचारायचा, "गुरुजी, भारताच्या नकाशात सिंध कुठंय?" २००५ मध्ये तो शब्द काढून टाका म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली होती. न्यायालयाने ती फेटाळली. बरं केलं.