प्रकाशाची परतीची वाट

रायपूरच्या समता कॉलनीत आज काचेच्या केसासारख्या तंतूंतून संदेश येतात. त्यांना वाहून आणणारा प्रकाश लेसरमधून निघतो. वाटेतील सांध्यावर आपटून त्यातला अंशभर जरी लेसरमध्ये परतला, तरी त्याची लय बिघडते. म्हणून लांबच्या मार्गांवर प्रकाशाला पुढे जाऊ देणारे, परंतु मागे फिरू न देणारे दार लागते.

या दाराचे मूळ १८४५ च्या सप्टेंबरात, लंडनमध्ये आहे. मायकेल फॅरडे याने शिसेयुक्त जड काच विद्युच्चुंबकापाशी ठेवून तीतून ध्रुवित प्रकाश सोडला. त्याचे कंपनप्रतल वळले. प्रतल तर साखरेचे पाणीही वळविते! पण तेथे प्रकाश परत पाठविला की वळण उलगडते. चुंबकाने दिलेले वळण परतताना दुप्पट होते. जाताना ४५ अंश, येताना आणखी ४५. मिळून काटकोन होतो आणि पहिल्या ध्रुवकापाशी वाट बंद होते. ही युक्ती लॉर्ड रॅले याने १८८५ मध्ये मांडली.

या दोन्ही वळणांचा अभ्यास पुढे एकाच घरातील दोन भावांनी केला. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी असलेल्या नागपुरात चंद्रशेखर वेंकट रामन यांचे भाचे रामशेषन व चंद्रशेखर शिकले. मामांच्या हाताखाली बंगलोरास रामशेषन यांनी काचा, घनाकृती स्फटिक व हिरा यांतील चुंबकीय वळण मोजले. ते निबंध १९४६ ते १९४८ या काळातील आहेत. धाकटे चंद्रशेखर १९५१ मध्ये नागपूर विद्यापीठाचे एम्.एस्सी. होऊन तेथेच गेले व क्वार्ट्झसारख्या स्फटिकांच्या नैसर्गिक वळणाकडे वळले. हेतू पदार्थाचे अंतरंग जाणण्याचा होता, दारे घडविण्याचा नव्हे.

दाराला सोयीचा पदार्थ १९५६ मध्ये फ्रान्समध्ये सापडला, तो लोहयुक्त गार्नेट. सुटे दार त्याने उत्तम होते. परंतु आता लेसर व प्रकाशवाहिन्या सिलिकॉनच्या नखाएवढ्या चकतीवर बसवावयाच्या आहेत, आणि गार्नेटच्या अणूंची मांडणी सिलिकॉनशी जुळत नाही. एकावर दुसरे वाढविले आणि तापविले की थर तडकतो. तोकियोच्या संशोधकांनी तयार गार्नेट सिलिकॉनला चिकटविण्याचा मार्ग धरला. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात २०११ मध्ये गार्नेटचा थर थेट सिलिकॉनच्या कंकणाकृती वाहिनीवर चढविण्यात आला. चुंबकामुळे कंकणात दोन दिशांच्या प्रकाशाचे अनुनाद वेगळे पडतात, त्यामुळे तेथे प्रतल वळवावेच लागत नाही. दार लागले खरे; परतणारा प्रकाश पुढे जाणाऱ्याच्या सुमारे नव्वदाव्या हिश्श्यावर आला. परंतु पुढे जाणाऱ्या प्रकाशाचाही शेकडा एक-दोन भागच पलीकडे पोहोचला. बाकीचा वाटेतच गेला.