इंजिन बदललं, आपली डिझेलची कॅन तीच राहिली

आज पिकाचं नाही, डिझेल फिल्टरचं लिहितो. पण घाटा झाला तो मोसंबीतच.

मागच्या भाद्रपदात आंबे बहाराची मोसंबी भरून पहाटं पिकअप घेऊन जालन्याच्या मार्केटला निघालो. बदनापूर सोडलं आणि चढाला गाडी दम धरीना. ॲक्सिलेटर दाबला तरी वढ नाही. जालना एमआयडीसीजवळ तर बंदच पडली. दहा मिनिटं थांबलं की चालू व्हायची, अर्धा किलोमीटर गेलं की पुन्हा बंद.

एमआयडीसीत सळईच्या कारखान्यांच्या ट्रका जिथं दुरुस्त होतात तिथल्या एका गॅरेजवर कशीबशी नेली. मेकॅनिक पोरानं फिल्टर सोडून पांढऱ्या बाटलीत ओतला. खाली पाणी, मधी काळा चिकट गाळ, वर डिझेल.

मी म्हणलं, "पंपावाल्यानं फसवलं."

तो म्हणला, "काका, घरी डिझेल कशात ठेवता? आधी तिचं बूड बघा."

नवा फिल्टर टाकून मार्केटला पोचलो तर लिलाव आटपलेला. माल दुपारी पडत्या भावात द्यावा लागला. घरी येऊन ट्रॅक्टरची कॅन उलटी केली. तळाशी तोच काळा गाळ! पेरणीच्या गडबडीत त्याच कॅनीतून पिकअपमधी चार-दोन वेळा डिझेल ओतलं होतं.

मग वाटलं, ही सवय आली कुठून? आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरीवर ५ हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर इंजिन बसवलं. पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स कंपनी १९४६ ला सुरू झाली आणि तिची इंजिनं गावोगावच्या विहिरीवर गेली. आमच्यात डिझेल डब्यातून यायचं. नरसाळ्यात जुन्या धोतराचं फडकं धरून आई ते गाळायची. थोडा कचरा गेला तरी इंजिन धूर काढत चालायचं. फार झालं तर नोझल काढून साफ करायचं.

मुळात रुडॉल्फ डिझेलचं पहिलं यशस्वी इंजिन १८९७ ला जर्मनीत चाललं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तर एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढं बॉशनं १९२७ पासून डिझेलचे पंप कारखान्यात तयार करायला घेतले. आपल्याकडं त्यांची मायको कंपनी १९५१ ला बंगळूरला निघाली. नंतर नाशिकच्या कारखान्यात नोझल बनू लागले. म्हणून आपल्या तोंडी अजून 'मायकोचा पंप'.

त्या जुन्या नोझलला दाब हवेच्या साधारण २०० पट. १९९७ पासून गाड्यांत कॉमन रेल आलं, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच नळीतून डिझेल. त्यात दाब दीड हजार पटीच्याही वर जातो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड आणि पंप-नोझलमधली फट २ ते ४ मायक्रॉन! धोतराचं फडकं तिथं काय करणार?

डिझेलही बदललं. बीएस-३ ला गंधक ३५० पीपीएमपर्यंत चालायचं. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आलं, ते ५० वर. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, फक्त १०. गंधक काढताना डिझेलचा मूळचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून कंपन्या त्यात वंगणाचं औषध घालतात. पंपाला वंगण डिझेलचंच. त्यात पाणी आलं की पंप सुकाच घासतो.

पाणी कुठून येतं? अर्धी रिकामी टाकी रात्री गार पडली की आतल्या हवेतलं दव तळाला बसतं. पावसात उघडी राहिलेली कॅन वेगळीच. त्या पाण्यात आणि डिझेलच्या सांध्यावर जंतू वाढतात, तोच काळा गाळ.

त्या दिवसापासून मी हे पाळतो:

• पिकअपला कॅनमधलं डिझेल बंद. मुक्कामाला टाकी भरलेली ठेवतो.
• फिल्टरखालच्या नॉबमधून पाणी काढतो, पावसाळ्यात जरा लवकर. पाण्याचा दिवा लागला तर गाडी रेटत नाही.
• फिल्टर गाडीच्या पुस्तकातल्या किलोमीटरला बदलायचा, गाडी बंद पडायची वाट बघायची नाही.
• बदलताना आधी बाहेरची धूळ पुसायची. नव्या फिल्टरमधी वरून डिझेल ओतायचं नाही, हातपंप कडक होईपर्यंत दाबून हवा काढायची.
• चालू इंजिनाची प्रेशर लाईन कधीच सैल करायची नाही. ती धार कातडी फोडून आत जाते.

फिल्टर काही शेकड्यात येतो. पंप आणि नोझल गेले तर हजारांत जातं, आणि मोसंबीचा लिलाव आपल्यासाठी थांबत नाही. ज्यांच्याकडं जुनं इंजिन आणि नवी गाडी दोन्ही आहे त्यांनी आज एवढंच करा: कॅनचं बूड बघा.