स्मार्ट कराराच्या ब्लॉकचेन : बलाबल

स्मार्ट करार म्हणजे ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या सामाईक खातेवहीवर, साठवलेली आणि ठरलेली अट पूर्ण होताच आपोआप अमलात येणारी संगणकीय आज्ञावली. ही कल्पना निक साबो यांनी १९९० च्या दशकात मांडली. ती मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आणणारी पहिली ब्लॉकचेन म्हणजे इथेरियम. व्हिटालिक ब्युटेरिन यांनी २०१३ च्या अखेरीस तिचा आराखडा लिहिला आणि ३० जुलै २०१५ रोजी ती सुरू झाली. पुढे सोलाना, कार्डानो, ट्रॉन, ॲव्हलांच, बीएनबी चेन अशा अनेक प्रतिस्पर्धी चेन आल्या.

त्यांची तुलना करताना सहसा दर सेकंदाला होणाऱ्या व्यवहारांचा आकडा पुढे केला जातो. त्यावर फारसे विसंबू नये. सोलानाच्या एकूण आकड्यात, उदाहरणार्थ, व्यवहार पडताळणाऱ्या संगणकांची आपापसांतली मतेही मोजली जातात. संकटात निर्णय कोणी घेतला, यावरून ब्लॉकचेनची पारख अधिक नीट होते.

इथेरियमची अशी परीक्षा फार लवकर झाली. ‘द डीएओ’ या सामाईक गुंतवणूक निधीच्या करारात एक चूक राहिली होती. काढलेली रक्कम शिलकेतून वजा होण्याआधीच पुन्हा पैसे काढता येत होते. जून २०१६ मध्ये हल्लेखोराने याच वाटेने सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) वळवून घेतले. करार म्हणजेच कायदा, असे म्हणणाऱ्यांपुढे पेच उभा राहिला. जुलैमध्ये जाळ्यातील बहुसंख्यांनी खातेवहीच बदलून पैसे परत मिळवले. ज्यांना हे मान्य नव्हते ते जुन्या खातेवहीवर राहिले, आणि ती आजही इथेरियम क्लासिक या नावाने चालते. एवढी मोठी ढवळाढवळ इथेरियमने पुन्हा केलेली नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी तिने विजेची खादाड ‘मायनिंग’ पद्धत सोडली आणि ३२ इथर तारण ठेवणाऱ्यांकडून पडताळणीची पद्धत चालू जाळ्यावरच स्वीकारली. विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. पडताळणीसाठी वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली सॉफ्टवेअर वापरात असल्याने एकातील दोषाने सगळे जाळे बंद पडण्याचा धोका कमी होतो. हे तिचे खरे, पण क्वचितच चर्चेत येणारे बळ.

महागडे शुल्क ही तिची दुखरी बाजू. त्यावर उपाय म्हणून आर्बिट्रम, ऑप्टिमिझम, बेस यांसारखे दुसरे थर उभे राहिले. व्यवहार तिथे करायचे आणि त्यांची नोंद मूळ चेनवर ठेवायची, अशी ही रचना. मार्च २०२४ च्या सुधारणेनंतर तिथले शुल्क बरेच उतरले. मात्र व्यवहारांचा क्रम लावण्याचे काम यांतल्या बहुतेक थरांवर एकाच कंपनीच्या हाती असते. मुळावर विकेंद्रीकरण आणि वर केंद्रीकरण, अशी ही तडजोड आहे.

या परिवारातल्या पॉलिगॉनची सुरुवात २०१७ मध्ये भारतात मॅटिक या नावाने झाली. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातीच्या दाखल्यांची पडताळणी करण्यासाठी २०२२ मध्ये ती वापरण्यात आली. अशा वापरात शुल्क नगण्य असणे आणि नोंद गुपचूप बदलता न येणे एवढे पुरते; सेकंदाला हजारो व्यवहारांची गरज नसते.

अनातोली याकोवेन्को यांची सोलाना मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिने थर न रचता एकाच जाळ्याचा वेग वाढवला. प्रत्येक गणिताचे उत्तर पुढच्या गणितात घालत गेल्याने घटनांचा क्रम आपोआप सिद्ध होतो आणि वेळेबाबत संगणकांना एकमेकांना विचारत बसावे लागत नाही. व्यवहारांचा नवा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, साधारण ०.४ सेकंदात येतो. इथेरियमवर १२ सेकंद लागतात. किंमत अर्थात मोजावी लागली. संगणक महाग लागतात, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये जाळे सुमारे १७ तास ठप्प होते. फेब्रुवारी २०२४ मध्येही ते सुमारे पाच तास बंद पडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिची मोठी पाठीराखी असलेली एफटीएक्स ही क्रिप्टो विनिमयपेठ कोसळली, तेव्हा अनेकांनी तिचा शेवट गृहीत धरला होता. ती तगली, वाढलीही.

इतरांबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीएनबी चेनला दुसऱ्या चेनशी जोडणाऱ्या पुलावर दरोडा पडला, तेव्हा मोजक्या पडताळणीदारांनी मिळून चेनच थांबवली. ग्राहकांचे नुकसान त्यामुळे घटले. ती थांबवता येते हेही जगाला दिसले. ईओएसने वर्षभर टोकन विकून सुमारे ४ अब्ज डॉलर जमवले, तरी ती मागे पडली. कार्डानो संशोधनात काटेकोर, पण २०१७ पासून चालू असूनही तिच्यावर स्मार्ट करार आले ते सप्टेंबर २०२१ मध्ये. तोवर विकसक दुसरीकडे गेले होते. ट्रॉनचे तंत्र नवलाचे नाही, तरी डॉलरशी जोडलेले टीथर पाठवण्यासाठी अनेक लोक तीच वापरतात.

पुढची चुरस डॉलरशी जोडलेली नाणी आणि रोख्यांची टोकने यांवर दिसते. ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीने मार्च २०२४ मध्ये आपला टोकन-निधी इथेरियमवर आणला आणि नंतर तो सोलानासह इतर चेनवरही नेला. व्हिसाने २०२३ मध्ये यूएसडीसी या डॉलरशी जोडलेल्या नाण्यातील हिशेब चुकता करण्यासाठी सोलानाची निवड केली, पण इथेरियम सोडली नाही. म्हणजे मोठ्या संस्था एकीशीच बांधून घेत नाहीत. शिवाय यूएसडीसी किंवा टीथर काढणारी कंपनी कोणत्याही पत्त्यावरची नाणी गोठवू शकते, मग खालची चेन कितीही विकेंद्रित असो.