स्त्री मतदार आणि कल्याणधोरण : भारतातील अभ्यासपरंपरा

स्त्रियांचा राजकीय सहभाग, निवडणूक प्रचारातील त्यांचे स्थान आणि त्यांच्यासाठी आखलेली कल्याणधोरणे यांचा परस्परसंबंध तपासणारे संशोधन. राज्यशास्त्र, स्त्री अभ्यास आणि विकासाचे अर्थशास्त्र या तिन्ही शाखांनी त्यात भर घातली आहे. १९७० च्या दशकात या संशोधनाला भारतात आकार आला. १९९६ पासून मतदार सर्वेक्षणे सातत्याने होऊ लागल्यावर त्याला आकडेवारीचा आधार मिळाला. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रासंबंधीचे तपशील अधिक आहेत.

पूर्वपीठिका : १९२० च्या दशकारंभी मद्रास व मुंबई प्रांतांच्या विधिमंडळांनी मालमत्तेच्या अटींवर स्त्रियांना मताधिकार दिला. सार्वत्रिक प्रौढ मताधिकार संविधानाने आला. पहिल्या निवडणुकीच्या (१९५१-५२) याद्या तयार होताना उत्तर भारतातील अनेक स्त्रियांनी परक्यांना स्वतःचे नाव सांगितले नाही. त्यांची नोंद अमक्याची आई, तमक्याची पत्नी अशी झाली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. हा निर्णय कठोर होता, तरी स्त्रीची मतदार म्हणून स्वतंत्र ओळख त्याने कायम केली. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीत पुरुष व स्त्रिया यांच्या मतदानाच्या टक्केवारीत सोळाहून अधिक अंकांचे अंतर होते.

‘समानतेकडे’ अहवाल : केंद्र सरकारने १९७१ मध्ये नेमलेल्या स्त्रियांच्या दर्जाविषयक समितीचा हा अहवाल १९७४ मध्ये सादर झाला. फुलरेणू गुहा अध्यक्ष आणि वीणा मजुमदार सदस्य-सचिव होत्या. राजकीय दर्जावरील प्रकरणात मतदान, उमेदवारी आणि पक्षांतर्गत स्थान यांची पाहणी आहे. विधिमंडळांत राखीव जागा असाव्यात या मागणीला समितीच्या बहुमताने पाठिंबा दिला नाही. लोतिका सरकार व वीणा मजुमदार यांनी भिन्नमत नोंदवले. पुढील दोन दशकांतील आरक्षणविषयक वादाची मांडणी बरीचशी या भिन्नमतपत्रिकेत सापडते. त्याच वर्षी नीरा देसाई यांच्या पुढाकाराने मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात स्त्री अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये याच विद्यापीठात भरली.

सर्वेक्षणांची परंपरा : दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने (स्थापना १९६३, संस्थापक रजनी कोठारी) १९६७ मध्ये पहिले देशव्यापी निवडणूक सर्वेक्षण केले. १९९० च्या दशकात केंद्राच्या लोकनीती कार्यक्रमाने हे काम विस्तारले. मतदान केंद्रे नमुन्याने निवडायची, मतदार यादीतून नावे काढायची, मतदानानंतर घरी जाऊन मुलाखत घ्यायची आणि मत कुणाला दिले हे नकली मतपत्रिकेवर गुप्तपणे नोंदवून घ्यायचे, अशी लोकनीतीची पद्धत आहे. स्त्रीची मुलाखत चालू असताना घरातील पुरुष मध्येच उत्तर देतो, ही क्षेत्रकार्यातील जुनी अडचण. म्हणूनच नकली मतपत्रिकेचे महत्त्व स्त्रियांच्या बाबतीत विशेष आहे.

या आकडेवारीवर पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात झालेले काम या क्षेत्रात पायाभूत मानावे लागते. सुहास पळशीकर हे लोकनीतीच्या समन्वयकांपैकी एक. राजेश्वरी देशपांडे यांनी २००४ व २००९ च्या लोकसभा निवडणुकांनंतर स्त्रियांच्या मतदानावर ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिले. स्त्रिया एकगठ्ठा मत देत नाहीत. जात, वर्ग, प्रदेश आणि स्थानिक पक्षस्पर्धा यांच्या चौकटीतच त्यांची निवड घडते, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष आहे. बहुतेक ठिकाणी एकाच सामाजिक गटातील स्त्री-पुरुषांच्या मतांत फार अंतर पडत नाही. ‘महिला मतपेढी’ हा शब्द वृत्तपत्रांत आणि प्रचारसभांत रूढ झाला असला, तरी त्याला सर्वेक्षणांचा आधार क्वचितच मिळतो. पुढील संशोधनाने हा निष्कर्ष काही राज्यांपुरता सौम्य केला आहे, खोडून काढलेला नाही.

मतदानाचे प्रमाण : २०१४ पर्यंत लोकसभा निवडणुकांतील स्त्री-पुरुष अंतर दीड अंकाच्या आसपास आले होते. २०१९ मध्ये स्त्रियांचे प्रमाण (६७.१८ टक्के) प्रथमच पुरुषांच्या किंचित पुढे गेले आणि २०२४ मध्येही ते पुढे राहिले. मुदित कपूर व शमिका रवी यांनी २०१४ मध्ये राज्यनिहाय विधानसभा निवडणुकांच्या आधारे या बदलाला ‘मूक क्रांती’ म्हटले. मात्र टक्केवारी नोंदणीकृत मतदारांवर काढली जाते. जिथे मुळात स्त्रियांची नोंदणीच कमी होते, तिथे हा आकडा वास्तवापेक्षा उजळ दिसतो. शिवाय रोजगारासाठी बाहेरगावी गेलेल्या पुरुषांमुळे, विशेषतः बिहारमध्ये, पुरुषांचे प्रमाण घटते. या दोन घटकांचा नेमका वाटा किती, याबद्दल मतभेद आहेत.

आरक्षणाचे परिणाम : महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी (अंमल १९९३) देशभर एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण २०११ मध्ये निम्म्यावर गेले. आरक्षण येण्याआधीच, चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने ग्रामपंचायतींसाठी संपूर्ण स्त्रियांचे पॅनेल उभे करण्याचा प्रयत्न केला. जळगाव जिल्ह्यातील विटनेरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. गेल ऑम्व्हेट यांनी या चळवळीविषयी लिहिले आहे. राखीव जागा नसतानाचा हा प्रयोग असल्याने त्याला आजवर मिळाली त्याहून अधिक दखल मिळायला हवी.

राखीव प्रभाग व पंचायती सोडत किंवा फेरपद्धतीने ठरत असल्याने संशोधकांना तुलनेची दुर्मीळ संधी मिळाली. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बीरभूम (पश्चिम बंगाल) व उदयपूर (राजस्थान) जिल्ह्यांतील पंचायतींची तुलना केली (२००४). स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी स्त्रियांच्या मागण्यांशी जुळणाऱ्या कामांवर, दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर, अधिक खर्च केल्याचे त्यांना आढळले. रिखिल भावनानी यांचा अभ्यास (२००९) मुंबई महानगरपालिकेचा आहे. १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव असलेले काही प्रभाग २००२ मध्ये खुले झाले. अशा प्रभागांत स्त्री निवडून येण्याची शक्यता, पूर्वी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत सुमारे पाचपट होती. राखीव जागा गेली की नगरसेविकाही जाते, हा तोवरचा सार्वत्रिक समज या अभ्यासाने डळमळीत केला.

कुटुंब आणि बचत गट : सोलेदाद आर्तिझ प्रिलमन यांनी मध्य प्रदेशातील क्षेत्रकार्यावरून दाखवले की ग्रामीण भागात कुटुंब हेच राजकीय निर्णयाचे एकक असते, आणि मतदान वाढूनही ग्रामसभा, अर्ज, मोर्चा यांपासून स्त्रिया दूर राहतात. बचत गटातून घराबाहेरचे संबंध जुळले की हा सहभाग वाढतो.

कल्याणधोरण व प्रचार : १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुरू झालेली आणि वि. स. पागे यांच्या नावाशी जोडलेली रोजगार हमी योजना या विषयाच्या इतिहासात आरंभी ठेवावी लागते. ती स्त्रियांसाठी म्हणून आखलेली नव्हती, तरी कामावरच्या मजुरांत स्त्रियांचा वाटा मोठा राहिला. पुढे कायद्याने तिला हक्काचे रूप दिले. मागेल त्याला काम या तत्त्वामुळे मजूर स्त्रिया कामासाठी तहसील कचेरीवर मोर्चे नेऊ शकल्या; योजनेतून राजकीय सहभाग कसा घडतो याचा हा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींनी महागाईविरोधी आंदोलन उभे केले. त्यातील लाटणे मोर्चे गाजले.

अन्य राज्यांत निवडणूक आणि योजना यांची सांगड पुढील दशकांत घातली गेली. तमिळनाडूतील शालेय भोजन (१९८२), आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातील स्त्रियांच्या दारूविरोधी चळवळीनंतर १९९४ च्या निवडणुकीत आलेले दारूबंदीचे आश्वासन आणि बिहारमधील मुलींसाठीची सायकल योजना (२००६) ही वारंवार दिली जाणारी उदाहरणे. देशपांडे, लुईझ टिलिन आणि के. के. कैलाश यांनी २०१९ च्या निवडणुकीचा अभ्यास करून लाभार्थ्यांच्या मतांवर योजनांचा परिणाम मर्यादित असल्याचे, मात्र योजनांचे श्रेय राज्यांऐवजी केंद्राकडे अधिक जाऊ लागल्याचे दाखवले.

स्त्रियांच्या खात्यात थेट रक्कम जमा करणाऱ्या योजनांत गोव्याची गृह आधार योजना (२०१२) लवकरची आहे. त्यानंतर आसाम, पश्चिम बंगाल, मध्य प्रदेश, कर्नाटक व तमिळनाडू या राज्यांनी अशा योजना आणल्या. महाराष्ट्रात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जून २०२४ मध्ये जाहीर झाली. २१ ते ६५ वयोगटातील, वार्षिक अडीच लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील स्त्रियांना तिच्यातून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले. त्याच वर्षीच्या विधानसभा प्रचारात सत्ताधारी महायुतीने ही रक्कम २,१०० करण्याचे, तर विरोधी महाविकास आघाडीने ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. लोकसभेत ४८ पैकी १७ जागांवर थांबलेल्या महायुतीच्या तीन मुख्य पक्षांना नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा मिळाल्या. या बदलात योजनेचा वाटा किती, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. घरकाम आणि संगोपन या विनामोबदला श्रमांची ही अल्पशी दखल आहे असे काही जण मानतात. इतरांच्या मते हक्काच्या जागी भाऊ-बहिणीचे नाते आले की लाभार्थी स्त्री सरकारला जाब विचारण्याऐवजी ऋणी राहते. रोजगार हमीच्या मोर्चांशी तुलना केली असता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रतिनिधित्व : एकशे सहावी घटनादुरुस्ती (२०२३) लोकसभा व विधानसभांतील एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखते, मात्र मूळ तरतुदीनुसार तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना यांनंतर व्हायचा आहे. २०२४ मध्ये लोकसभेवर ५४३ पैकी ७४ आणि महाराष्ट्र विधानसभेवर २८८ पैकी २१ स्त्रिया निवडून आल्या.