कैसरबागेतील शंभर वर्षांची ठेव

लखनऊच्या उत्तरेस, सीतापूरच्या रस्त्यावर बख्शी का तालाब नावाची वस्ती आहे. बख्शी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. नबाबी अमलातील अशा एका बख्शीने बांधविलेल्या तलावामुळे त्याचा हुद्दा आजही लोकांच्या तोंडी आहे. त्याच नबाबी लखनऊत ठुमरी आणि कथक बहरले. परंतु मैफल उठल्यावर तलावासारखी खूण मागे राहत नाही. त्यामुळे संगीतसंस्थेचा महोत्सव आला की स्मृतिवस्तू कोणत्या आणि त्या मिळवावयाच्या कोठून, हा प्रश्न उभा राहतो. कैसरबागेतील भातखंडे संस्कृती विद्यापीठाला २०२६ साली शंभर वर्षे पूर्ण होतात. तिच्या संस्थापकाने अवघे आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरासाठी वेचले होते.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. पेशाने ते वकील. पारशी रसिकांनी चालविलेल्या ‘गायन उत्तेजक मंडळी’त त्यांचा संगीताचा व्यासंग वाढला. त्या काळी बंदिश हे घराण्याचे धन मानले जाई. मुलगा किंवा निवडक शिष्य यांच्यावाचून ते इतरांच्या हाती क्वचितच लागे, आणि उस्तादाबरोबर कित्येक चिजा कायमच्या लोपत. भातखंडे यांनी देशभर प्रवास करून जयपूरचे महंमद अली खाँ, रामपूरचे वझीर खाँ अशा थोर कलावंतांकडून चिजा मिळविल्या. प्रवासात कोण भेटले, काय बोलणे झाले, याच्या रोजनिशा त्यांनी ठेवल्या. ऐकलेले कागदावर उतरावे म्हणून त्यांनी सुटसुटीत स्वरलिपी योजली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी खाली टिंब आणि तार सप्तकासाठी वर टिंब. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अशा सुमारे १८०० बंदिशी सर्वांसाठी खुल्या झाल्या.

१९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. चौथी व पाचवी परिषद लखनऊत झाली आणि राय उमानाथ बली व राय राजेश्वर बली यांच्या साहाय्याने १९२६ साली तेथे संगीत महाविद्यालय निघाले. संयुक्त प्रांताचे गव्हर्नर विल्यम मॅरिस यांच्या नावाने ते मॅरिस कॉलेज म्हणून ओळखले गेले. पुढे गव्हर्नरांचे नाव जाऊन भातखंडे यांचे नाव लागले. २००० साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ते राज्य विद्यापीठ आहे. एखाद्या घरातील जुन्या प्रमाणपत्रावर ‘मॅरिस कॉलेज’ असे छापलेले असेल, तर तेवढ्यावरूनही त्याचा काळ अजमावता येतो.

मात्र स्वरलिपीला मर्यादा आहेत. तिच्यातून बंदिशीचा सांगाडा कळतो; मींड किती लांबवावी, समेवर कसे यावे, हे गुरूच्या गळ्यातूनच घ्यावे लागते. ती उणीव प्राचार्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भरून काढली. त्यांना आग्रा घराण्याच्या फैयाज खाँ यांची तालीम मिळाली होती. बेळगाव जिल्ह्यातील बैलहोंगल येथे जन्मलेले कृष्णराव गिंडे १९३६ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांच्याकडे लखनऊला शिकावयास गेले. पुढे अगणित बंदिशी मुखोद्गत असलेले गायक व गुरू म्हणून ते मुंबईत मान्यता पावले. भातखंडे यांचे निधनही १९३६ सालचेच. त्यांनी जमविलेले धन त्यांच्या पश्चात अशा गळ्यांतून चालत राहिले.

या दृष्टीने पाहता शताब्दीच्या संग्रहात तसबिरी व मानपत्रे यांच्याइतकाच मान विद्यार्थ्याच्या साध्या वहीला मिळावयास हवा. छापील बंदिशीशेजारी पेन्सिलीने केलेली दुरुस्ती, ‘येथे गुरुजी थांबत’ अशी एखादी टीप, ही छापील पुस्तकात न आलेली तालीम असते. तिच्याबरोबर ती कोणाची, कोणत्या वर्षाची आणि कोणापाशी शिकताना लिहिलेली, याची नोंद हवी. नाहीतर तिची साक्ष अपुरी राहते. शाळेचा हीरक महोत्सव होत असताना माजी विद्यार्थ्यांच्या घरीही अशा वह्या, प्रगतिपुस्तके आणि स्नेहसंमेलनाच्या पत्रिका माळ्यावर पडून असतात. त्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्यामागे नाव, वर्ग आणि साल लिहून ठेवणे, हे काम पेन्सिलीच्या एका तुकड्यानेही होते.