मक्तेदाराची कसोटी

कुंभकोणमहून नैर्ऋत्येस दोन-अडीच कोस गेले, म्हणजे पट्टीश्वरम् लागते. कावेरीच्या पाटांनी भिजलेला हा मुलूख. दोहों बाजूंस भाताची खाचरे आणि पुढे धेनुपुरीश्वराचे गोपुर. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली, म्हणून गावाचे नाव पट्टीश्वरम्. ज्ञानसंबंधर हा शैव संत उन्हातून चालत आला, तेव्हा देवाने त्याच्या मस्तकावर मोत्यांचा मांडव धरविला आणि त्याला नीट दर्शन घडावे म्हणून नंदीला बाजूस सरण्याची आज्ञा केली, अशी कथा तेथे सांगतात. यात्रेकरू ती ऐकतात, दुर्गेपुढे दिवा लावतात आणि माघारी फिरतात. पण याच देवळात एका दांपत्याच्या पाषाणमूर्ती आहेत, त्यांच्यापाशी फारसे कोणी थांबत नाही. त्या गोविंद दीक्षितांच्या आणि त्यांच्या पत्नी नागांबा यांच्या.

तंजावरच्या गादीवर मराठे आले ते १६७५ च्या सुमारास. त्यांच्या आधी तेथे नायकांचे राज्य होते, आणि शेवप्पा, अच्युतप्पा व रघुनाथ या नायकांच्या पदरी गोविंद दीक्षित हे मंत्री होते. माणूस मोठा व्यासंगी. ‘संगीतसुधा’ हा ग्रंथ रघुनाथ नायकाच्या नावावर असला, तरी तो दीक्षितांनी रचला, असे त्यांचे पुत्र वेंकटमखी सांगून गेले आहेत. आणि हे वेंकटमखी म्हणजे कर्नाटक संगीतातील बहात्तर मेळांचे जनक. परंतु सामान्य लोकांनी दीक्षितांना लक्षात ठेवले ते ग्रंथांमुळे नव्हे, तर बांधकामांमुळे. कुंभकोणमच्या महामहम् तलावाभोवतीचे सोळा मंडप त्यांनी उभारले. त्या प्रांतात लोक त्यांना ‘अय्यन्’ म्हणत, आणि अय्यन् हे नाव लागलेली गावे, तळी व पाट अजूनही दाखविले जातात.

या मंडपांकडे पाहताना एक साधा प्रश्न मनात येतो. मंत्र्याने आज्ञा दिली, राजाने सुवर्ण दिले, हे ठीक. पण दगड कोणाच्या हवाली केला? मजुरीचा पैसा कोणाच्या हातातून गेला? तो मनुष्य त्या कामास योग्य आहे, हे कोणी आणि कशावरून ठरविले? मूर्तीखाली याचे उत्तर नाही. कर्त्याचे नाव राहते, मक्तेदाराचे राहत नाही.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया संस्थानाने १९२९ साली मक्तेदारांना परवाने देणारे मंडळ स्थापन केले आणि १९३८ पासून परवाना मागणाऱ्याची परीक्षा घेणे सक्तीचे केले. आज तेथे बहुतेक उमेदवारांना दोन पत्रिका द्याव्या लागतात. एक ज्याच्या त्याच्या धंद्याची: गवंड्याने गवंडीकामाची, नळवाल्याने नळाची. दुसरी पत्रिका मात्र सर्वांस सारखी, आणि ती असते व्यवसाय व कायदा यांची. कामाचा अंदाज कसा काढावा, करारात काय लिहावे, मजुरांचा विमा केव्हा उतरवावा, हिशेब कसा ठेवावा, हे त्या पत्रिकेत विचारतात. चार वर्षे प्रत्यक्ष काम केलेल्या कसबी माणसालाही तिच्यासाठी पुस्तक घेऊन बसावे लागते. हाताला येणारे काम त्याला पाठ असते. घाम फुटतो तो करारनाम्याच्या कलमांनी. भिंत सरळ उठवता येणे आणि भिंतीचा व्यवहार सरळ ठेवणे, या दोन निराळ्या विद्या आहेत, असे त्या कायद्याने मानले आहे.

ही कल्पना आपल्याकडे अगदीच अपरिचित होती काय? पट्टीश्वरमला लागूनच पळैयारै आहे. आज ते खेडे आहे. चोळांच्या काळी ती त्यांची राजनगरी होती. त्याच चोळांपैकी पहिल्या परांतकाच्या कारकिर्दीतील दोन शिलालेख कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर येथे आहेत, इ. स. ९१९ आणि ९२१ चे. गावाचे तलाव, बागा आणि सोने यांचा कारभार पाहणाऱ्या समित्यांवर कोणास घ्यावे, याचे नियम त्यांत कोरले आहेत. चिठ्ठ्या घड्यात टाकून लहान मुलाच्या हातून काढवीत, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण चिठ्ठीवर नाव लिहिले जाण्यापूर्वीची चाळण अधिक लक्ष देण्याजोगी आहे. सारा भरणारी स्वतःची जमीन हवी, स्वतःच्या जागेवर बांधलेले घर हवे, दुसऱ्या लेखाप्रमाणे वय ३५ हून अधिक आणि ७० हून कमी हवे, वेदविद्येचा अभ्यास हवा. आणि त्यापुढे, मनुष्य कार्यात निपुण हवा व त्याचे धन सचोटीने मिळविलेले हवे. विद्येबरोबर व्यवहाराचे ज्ञानही मागणारा हा दंडक हजार वर्षांपूर्वीचा आहे.

त्यातील सर्वांत कडक कलम हिशेबाचे आहे. पूर्वी समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव चिठ्ठीवर चढणार नाही. एवढ्यावर लेख थांबत नाही. त्याच्या मावशीचे मुलगे, आत्याचे मुलगे, मामा, सासरा अशी नातलगांची लांबलचक यादी देऊन तो त्यांनाही वगळतो. हे आपल्याला अन्यायाचे वाटेल, आणि एका अर्थी ते तसे आहेही. मावसभावाच्या लबाडीची शिक्षा आपण का भोगावी? पण नियम करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला माहीत होता. हिशेब बुडविणारा स्वतः पुढे येत नाही, तो मेहुण्याला पुढे करतो. तसेच हेही सांगितले पाहिजे, की जमीन आणि वेदविद्या यांच्या अटींमुळे ही पात्रता गावातील मोजक्या ब्राह्मण गृहस्थांपुरतीच होती. तलावातील गाळ ज्यांनी उपसला, त्यांना या घड्यात चिठ्ठी नव्हती.

प्रत्यक्ष काम अंगावर घेणाऱ्या कारागिरासंबंधीचा कायदा पाहायचा, तर कौटिल्याकडे वळावे लागते. आणि त्यासाठीही तंजावर सोडण्याचे कारण नाही. ‘अर्थशास्त्रा’ची जी पोथी शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ मध्ये जिच्यावरून तो ग्रंथ छापून निघाला, ती म्हैसूरच्या ग्रंथालयास तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने आणून दिली होती. शतकानुशतके हरवला म्हणून समजलेला हा ग्रंथ कावेरीच्या मुलखात कोणाच्या तरी दप्तरात जपून राहिला होता. त्याच्या चौथ्या अधिकरणाच्या आरंभीच कारागिरांचे प्रकरण आहे. ठेव म्हणून माल कोणी घ्यावा? जो नुकसान भरून देऊ शकेल आणि ज्याच्या पाठीशी श्रेणी उभी आहे, त्याने. काम कोठे, केव्हा आणि कोणते करावयाचे, हे आधी ठरलेले असावे. मुदत टळली, तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. माल हरवला वा नासला, तर भरपाई कारागिराने करावी. मात्र दैवी आपत्ती ओढवली असेल तर नव्हे.

कराराच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या कोणाही उमेदवाराने ही चार वाक्ये १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाशेजारी ठेवून पाहावीत. मुदतीचे कलम ५५, अशक्य झालेल्या कामाचे ५६, नुकसानभरपाईचे ७३ आणि करारात आधीच लिहून ठेवलेल्या दंडाचे ७४. प्रश्न तेच आहेत. फरक पडतो तो उत्तरात. कौटिल्याचा दंड ठरलेला आहे. आजचे न्यायालय करारातील आकडा ही केवळ वरची मर्यादा मानते आणि तीत राहून वाजवी तेवढीच भरपाई देते. पाठांतर करणारा विद्यार्थी नेमका येथेच चुकतो. करारात लिहिले आहे तेवढे सगळे मिळणारच, अशा समजुतीने तो उत्तर लिहितो.

आता आपल्या भाषेकडे थोडे पाहू. या धंद्याला मराठीत तीन शब्द आहेत आणि तिन्ही तीन दिशांनी आले. ‘मक्ता’ अरबीतून फारसीच्या वाटेने आला, ‘कंत्राट’ पोर्तुगीजांनी दिला आणि मराठवाड्यात ज्याला गुत्तेदार म्हणतात, त्याचा ‘गुत्ता’ कन्नडातील ‘गुत्तिगे’ आणि तमिळातील ‘कुत्तगै’ यांचा सोयरा आहे. मक्ता आणि गुत्ता या दोहोंच्या मुळाशी एकच व्यवहार दिसतो: एक ठराविक रक्कम किंवा वाटा बोलायचा आणि मग त्यातून आपले साधायचे. सरकारला रकमेशी काम, रीतीशी नाही.

याचे फळ तंजावरने भोगले. १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी हा सुपीक प्रांत उजाड केला. त्यानंतरच्या काळात मराठ्यांच्या राज्यात पट्टकदार नावाचे मध्यस्थ पुढे आले. अनेक गावांचा मिळून एक पट्टक, त्याची वसुली एकाच्या हाती. उजाड मुलखात शेती पुन्हा उभी करण्यास असा कोणी जोखीम घेणारा हवा होता, हे खरे. पण थोड्याच वर्षांत पट्टकदार हेच गावोगावचे धनी होऊन बसले, आणि १७९९ च्या तहाने कंपनीकडे कारभार गेल्यावर ती पद्धत मोडली. आपलेच राज्य होते म्हणून हा दोष झाकू नये. उत्तरमेरूरच्या लेखातले हिशेबाचे कलम तेथे कोणी लावून पाहिले नाही.

कंपनीने काय केले? १८५० नंतरच्या दशकात डलहौसीने लष्करी मंडळांकडून सार्वजनिक बांधकाम काढून स्वतंत्र खाते उभारले. त्या खात्याला हाताखालची माणसे हवीत म्हणून १८५४ मध्ये पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. ओव्हरसियर होऊ इच्छिणाऱ्याने गणित, मोजणी, नकाशे यांची परीक्षा द्यावी, अशी शिस्त पडली. म्हणजे देखरेख करणाऱ्याची परीक्षा झाली. ज्याच्यावर देखरेख करावयाची, त्याची मात्र झाली नाही. मक्तेदाराने अनामत भरावी आणि सर्वांत कमी दर लिहून लखोटा द्यावा, एवढ्यावर काम मिळे. पूर्वी गावाने वेठीने किंवा रिवाजाने करावयाची बंधाऱ्यांची डागडुजीही मद्रास इलाख्यात १८५८ च्या कायद्याने सक्तीच्या श्रमाच्या खाती राहिली. एकीकडे कायद्याने बांधलेला श्रमिक, दुसरीकडे अनामतीने मोकळा झालेला मक्तेदार.

या व्यवस्थेच्या आत उतरून ती पाहिलेला एक मोठा मराठी माणूस आहे. जोतीराव फुले यांची शाळा आणि सत्यशोधक समाज आपण जाणतो. ते सरकारी बांधकामांचे मक्तेदारही होते, हे पुष्कळदा विसरतो. पुण्याजवळ मुठेवर खडकवासल्याचे धरण होत असता त्यासाठी लागणारे साहित्य त्यांनी पुरविले. मक्तेदारीत त्यांच्या गाठीला पैसा आला, तसाच एक अनुभवही आला. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली, तीत इंजिनिअर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या डावांवर त्यांचा एक पोवाडा आहे. मक्तेदाराने कारभाऱ्यांविरुद्ध पोवाडा रचावा, ही घटना मला फार बोलकी वाटते. कामाची मोजदाद ज्याच्या लेखणीत, त्याच्या हातात मजुराची चूल. आणि ती लेखणी वाचता येत नाही तोवर मजूर काय आणि प्रामाणिक मक्तेदार काय, दोघेही परस्वाधीन. जोतीरावांनी शिक्षणाचा आग्रह धरला त्यामागे हा अनुभवही नसेल असे कसे म्हणावे? कायदा व हिशेब यांची पत्रिका ही मक्तेदाराला अडविण्यासाठी असते असे आपण समजतो. त्याला फसवणुकीपासून वाचविण्यासाठीही ती उपयोगी पडते.

स्वातंत्र्यानंतर एका धंद्यात आपण परीक्षेचा मार्ग धरला, तो विजेच्या. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतील ४५ व्या नियमाने ठरविले, की विजेच्या मांडणीचे काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करावे आणि त्यावर पात्रतेचे प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख असावी. चुकीच्या तारेने माणूस मरतो, हे डोळ्यांनी दिसते. म्हणून तेथे परीक्षा लवकर आली. चुकीच्या हजेरीपटाने मजुराचे घर उपाशी राहते, ते इतक्या चटकन दिसत नाही. त्यासाठी १९७० पर्यंत थांबावे लागले. कंत्राटी कामगारांच्या त्या वर्षीच्या कायद्याने वीस किंवा अधिक मजूर लावणाऱ्या कंत्राटदाराला परवाना सक्तीचा केला आणि त्याने मजुरी थकविली, तर ती मूळ मालकाने द्यावी, असे बजावले. पण परवाना मागणाऱ्याला तो कायदा समजतो की नाही, हे विचारणारी पत्रिका त्यात नव्हती.

इमारती आणि रस्ते यांच्या मक्तेदारांची सरकारी खात्यांत नोंदणी होते ती वर्गवारीने. बँकेचा पतीचा दाखला, पूर्वी केलेल्या कामांच्या रकमा, हाताशी असलेली यंत्रे आणि अभियंते पाहून कोणी किती रकमेपर्यंतचे काम घ्यावे, हे ठरते. केंद्रीय बांधकाम खात्याच्या नियमांत आणखी एक अट आहे. ज्या ठिकाणी आपला जवळचा नातलग हिशेबनीस किंवा अधिकारी असेल, तेथल्या कामासाठी मक्तेदाराने निविदा भरू नये. आणि जवळचा नातलग म्हणजे कोण, हे सांगताना तो नियम नवराबायकोपासून सुरुवात करतो, आईबाप, आजीआजोबा, मुले, नातवंडे, भाऊ, बहिणी, काका, मामा, आत्या, मावश्या, त्यांची मुले आणि सासरची तीच तीच नाती असा क्रमाने मोजत जातो. उत्तरमेरूरच्या भिंतीवरची यादीही काहीशी अशीच आहे.