थिबा राजाच्या लेकी कुठल्या?



आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्ते भरून झाले की मुलांचा विषय निघतोच. कुणाचा मुलगा दुबईला, कुणाचा कुवेतला, कुणाचा बोटीवर. दोन-चार वर्षांनी तो सुट्टीवर येतो आणि आई म्हणते, "आता तो पहिल्यासारखा नाही राहिला." परमुलखात वाढलेलं पोर शेवटी कुठलं, तिथलं की इथलं? या प्रश्नाचं एक जुनं उदाहरण आपल्या रत्नागिरीतच आहे.

थिबा पॅलेस आपल्याला ठाऊक आहे. थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याची राजधानी मंडाले घेतली. राजा, राणी सुपयालत आणि दोन लहान मुली यांना आधी मद्रासला नेलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं. तिसरी मुलगी मद्रासला झाली, चौथी १८८७ मध्ये इथेच. पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी मंडालेच्या तुरुंगात ठेवलं, ते आपल्याला माहीत आहे. माणूस आपल्या माणसांपासून तोडला की त्याचं बळ कमी होतं, असा हा सरकारी हिशोब.

थोरली मुलगी इथे आली तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची. घरात आईवडिलांचे ब्रह्मी रीतिरिवाज चालायचे, पण कामाला येणाऱ्या माणसांकडून कानावर पडायची ती आपली मराठी. राजघराण्याला साजेसा वर इथे मिळेना, म्हणून मुली तिशीच्या घरात गेल्या तरी लग्नं झाली नाहीत. राजवाडा बांधून झाला तो १९१० मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. दुसरी मुलगी मनाजोगं लग्न करून कालिंपाँगला गेली. बाकीच्यांना १९१९ मध्ये परत जायची परवानगी मिळाली. तोवर तेहतीस वर्षं झाली होती!

खरी गोष्ट इथे सुरू होते.

थोरलीचे घरच्या मराठी दरवानाशी संबंध जुळले होते. तो आधीच लग्न झालेला. १९०६ मध्ये तिला टुटू नावाची मुलगी झाली. ब्रह्मदेशात पोचल्यावर थोरलीचं मन तिथे रमलं नाही. जिथे तिचा जन्म झाला, तोच देश तिला परका वाटला. लेकीला घेऊन ती रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. टुटू मराठी बोलत, मराठी माणसाशी लग्न करून, कष्टाचा संसार करत इथलीच झाली. राजाची ही नात २००० साली रत्नागिरीतच गेली.

आणि चौथी? तिचा तर जन्मच रत्नागिरीचा. पण ती ब्रह्मदेशात गेली ती पक्की ब्रह्मी होऊन. आपल्या घराण्याचा हक्क तिने इंग्रज सरकारकडे ठणकावून मागितला. सरकारला तिची इतकी धास्ती वाटली, की तिला रंगूनपासून दूर मौलमीनला ठेवलं.

एकाच घरात वाढलेल्या या बहिणी. मंडालेला जन्मलेली रत्नागिरीची झाली आणि रत्नागिरीला जन्मलेली मंडालेची. म्हणजे आपण कुठल्या, हे नुसत्या जन्मगावावरून ठरत नाही आणि किती वर्षं राहिलो त्यावरूनही नाही. आपण कुणाला आपलं मानलं आणि कुणी आपल्याला आपलं म्हटलं, यावर ते ठरतं. थोरलीला इथे मान फार मिळाला असं नाही, लोकांनी नावंही ठेवली असतील. तरी तिचं माणूस इथे होतं.

म्हणून मैत्रिणींनो, दुबईहून आलेला मुलगा वेगळं बोलला, वेगळं जेवला तर "बदललास" म्हणून त्याला टोचू नका. तिथे कुणाबरोबर जेवतोस, आजारी पडलास तर कोण बघतं, हे विचारा. तो परका झाला की नाही, हे त्या उत्तरातून कळेल.

आणखी एक. आपल्या आंब्याच्या बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं असतात. त्यांच्या मुली इथेच वाढतात, आपल्या मुलींसारखंच मराठी बोलतात. त्या मुली कुठल्या? त्यांच्या आयांना आपण हळदीकुंकवाला बोलावतो का? मुली अंगणवाडीत, शाळेत जातात का, हे कुणी पाहतं का? पुढच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की हा विषय घेऊ या.